अमावास्येच्या रात्री तिच्याकडे काय उरते?

वाचकाचे पत्र: "मी एक अद्भुतरम्य लघुकादंबरी लिहीत आहे. तिची नायिका शर्वरी चांदण्यातून जादू मिळवते आणि समुद्रातल्या दुर्गात बसलेल्या जुलमी सरदाराच्या कैदेतून आपल्या धाकट्या बहिणीला सोडवते. पहिला खर्डा पूर्ण झाला असून त्याचे साधारण साठ हजार शब्द झाले आहेत. ज्या मैत्रिणींना तो वाचायला दिला त्यांचे म्हणणे असे, की शर्वरी इतकी सामर्थ्यवान आहे की तिची काळजीच वाटत नाही. मला मात्र रडत बसणारी, कोणीतरी सोडवायला येईल म्हणून वाट पाहणारी नायिका नको आहे. मग मी तिला दुबळी करू का? हीच गोष्ट तीन भागांत फुलवावी असेही एकीने सुचवले आहे. ते करावे का? शिवाय तिची जादू तिच्या मासिक पाळीशी जोडावी असे मनात आहे; ते योग्य ठरेल का? सोबत पहिली तीन प्रकरणे आणि शेवटचे प्रकरण पाठवत आहे."

सप्रेम नमस्कार,

तुम्ही पाठवलेली चारही प्रकरणे लक्षपूर्वक वाचली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: शर्वरीला दुबळी करू नका. तिच्या स्वभावातली एकही धार बोथट करण्याची गरज नाही. गरज आहे ती तिला अशा रात्री उभी करण्याची, जिथे तिच्या हातात जादू नाही आणि तरीही निर्णय तिलाच घ्यायचा आहे. तुमच्या मैत्रिणींना तिची काळजी वाटत नाही, याचे कारण ती समर्थ आहे हे नसून तिला कुठेही काही निवडावे लागत नाही, हे आहे.

तुमचीच प्रकरणे पाहा. पहिल्या प्रकरणात वेशीवर पहारेकरी अडवतात, शर्वरी हात उंचावते, चांदण्याची पाती तयार होते आणि पहारेकरी कोसळतात. दुसऱ्यात तापाने फणफणलेले मूल तिच्या स्पर्शाने डोळे उघडते. तिसऱ्यात वादळात सापडलेली होडी ती किनाऱ्याला लावते. तिन्ही प्रसंगांची बांधणी एकच आहे: संकट येते, चंद्र आकाशात असतो, संकट जाते. यातले एकही संकट दीड पानापलीकडे टिकत नाही, कारण ते टिकण्यासाठी शर्वरीजवळ काहीतरी अपुरे असावे लागते आणि तुम्ही तिला काहीच अपुरे ठेवलेले नाही. वेशीवरच्या प्रसंगात ती पाती तिने वापरली तर उद्या मुलाचा ताप उतरवायला तिच्यात काही उरणार नाही, एवढे एकच बंधन घातले असते, तर तीच शर्वरी त्या वेशीपाशी क्षणभर थबकली असती आणि वाचकही तिच्यासोबत थबकला असता.

दुसऱ्या प्रकरणात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे: "आई भरतीचा हिशोब बोटांच्या पेरांवर करीत असे, आणि तो शर्वरीलाही येत होता." मला या चार प्रकरणांतले हे सर्वांत मोलाचे वाक्य वाटते. चांदण्याची पाती तिला जन्मतः मिळाली. हा हिशोब मात्र तिने आईच्या शेजारी होडीत बसून शिकला असणार, चुकत चुकत शिकला असणार, आणि तो आकाशात ढग आल्याने नाहीसा होणार नाही. दुर्दैवाने या वाक्यानंतर तो हिशोब कथेत पुन्हा कुठेच येत नाही. माझ्या सगळ्या सूचना या एका वाक्यापासून निघतात.

आता चंद्राविषयी, कारण तिथे तुमच्या खर्ड्यात खऱ्या अडचणी आहेत. पहिल्या प्रकरणात मध्यरात्री पूर्वेच्या डोंगरामागून पूर्णचंद्र वर येतो. हे होऊ शकत नाही. पौर्णिमेला पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र असतो, म्हणून पूर्णचंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मध्यरात्री आकाशात आपल्या सर्वोच्च जागी असतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. मध्यरात्री उगवतो तो कृष्ण पक्षातल्या अष्टमीचा अर्धा चंद्र. तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे तुमच्याच हिशोबाने तीन रात्रींनंतर, "बारीक कोर" दिसते. पौर्णिमेपासून बारीक कोरीपर्यंत यायला अकरा-बारा रात्री लागतात. शिवाय ती कोर तुम्ही संध्याकाळी पश्चिमेला दाखवली आहे, आणि तिथे दिसणारी कोर शुक्ल पक्षातली, वाढत जाणारी असते. क्षीण होत चाललेल्या चंद्राची कोर पहाटे, सूर्योदयापूर्वी पूर्वेला दिसते. काल्पनिक जगात हे नियम वेगळे असू शकतात, असे तुम्ही म्हणाल, आणि तो अधिकार तुमचा आहेच. पण तुमच्या जगात एकच सूर्य आणि एकच चंद्र आहे, पौर्णिमा-अमावास्या आहेत, भरती-ओहोटी आहे. तेव्हा वाचक आपल्या आकाशाचे नियम धरूनच वाचणार, आणि जिच्या जादूचा उगम चंद्र आहे तिच्या कथेत चंद्राची चूक म्हणजे जादूच्याच नियमाची चूक ठरणार.

हे नियम जाचक न मानता त्यांच्याकडून काम करून घ्या. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात आणि चंद्रोदय दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा होतो. म्हणजे पौर्णिमेनंतर शर्वरीला प्रत्येक रात्री सूर्यास्त ते चंद्रोदय एवढा वेळ अंधारात काढावा लागणार, आणि हा वेळ रोज वाढत जाणार. कृष्ण अष्टमीपर्यंत तिची निम्मी रात्र जादूविना जाणार. तुमच्या सरदाराला हे ठाऊक असेल तर तो हल्ला कधी करील? अर्थातच सूर्य मावळल्यावर आणि चंद्र उगवण्यापूर्वी. कुठलेही जास्तीचे पात्र, कुठलाही शाप न आणता प्रत्येक रात्रीला आपोआप मुदत लागते.

याहून उपयोगी अशी आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा लेखकांच्या लक्षात येत नाही. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो साधारण एक दशांशच असतो. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश आपल्या पाठीमागून गेल्यासारखा थेट चंद्रावर पडतो आणि तिथल्या खाचखळग्यांच्या सावल्या आपल्याला जवळपास दिसतच नाहीत. अष्टमीला तोच प्रकाश बाजूने पडतो आणि चंद्राचा उजळ भागही सावल्यांनी भरून जातो. तेव्हा शर्वरीची जादू चांदण्याच्या प्रमाणात असेल, तर ती पौर्णिमेनंतर हळूहळू ओसरणार नाही, झपाट्याने कोसळेल. आठवड्याभरात दहातले नऊ भाग गेलेले असतील. अशी स्त्री आपली जादू कशी खर्च करील, कोणाला नाही म्हणेल, कोणत्या रात्री दार उघडणारच नाही, या प्रश्नांत तुमच्या दुसऱ्या प्रकरणातल्या तापाच्या मुलाचा प्रसंग नव्याने लिहून पाहा. ते मूल कृष्ण सप्तमीच्या संध्याकाळी तिच्या दारात आले तर काय होते?

आता आईच्या हिशोबाकडे येऊ. चांदणे अमावास्येला नसते, परंतु चंद्र असतो, आणि समुद्राला चांदण्याशी कर्तव्य नाही. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही वेळी सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून दोन्ही वेळी उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात असते आणि भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती येते. उधाणाच्या दिवसांत भरतीचे पाणी सर्वांत वर चढते हे सर्वांना माहीत असते, पण त्याच दिवसांत ओहोटीचे पाणी सर्वांत खाली उतरते हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाच नेमके ठाऊक असते. अनेक किनाऱ्यांवर हे उधाण प्रत्यक्षात अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, आणि एखाद्या ठरावीक किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतली खोल ओहोटी दिवसाच्या साधारण ठरावीक वेळीच येते. होडीवाल्या आईने पेरांवर मोजला असेल तो हाच हिशोब.

तुमच्या शेवटच्या प्रकरणात शर्वरी पौर्णिमेच्या रात्री दुर्गावर चालून जाते आणि चांदण्याच्या ज्वाळेने तो भस्म करते. त्याऐवजी ही शक्यता तपासून पाहा. दुर्गाच्या पायथ्याशी जुन्या दगडी वाटेचे अवशेष आहेत, जे एरवी पाण्याखाली असतात आणि उधाणाच्या खोल ओहोटीतच तासाभरापुरते उघडे पडतात. सरदार शर्वरीला घाबरतो, म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे त्याचा पहारा दुप्पट असतो. अमावास्येला मात्र ती निःशस्त्र असते हे त्याला माहीत असल्याने त्या रात्री तो आपल्या माणसांना विश्रांती देतो. त्याने चांदण्याचा अभ्यास केला आहे, समुद्राचा केलेला नाही. शर्वरी अमावास्येच्या पहाटे, जादूचा एक थेंबही जवळ नसताना, आईने शिकवलेल्या हिशोबावर विश्वास ठेवून त्या वाटेवर पाऊल टाकते. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांच्या आसपास वेळ असतो, पण ती वाट त्याच्या कितीतरी आधी बुडणार आहे. हिशोब एका पेराने चुकला असेल तर ती आणि तिची बहीण दोघीही परतणार नाहीत. इथे तिची काळजी वाटणार नाही असा वाचक मला तरी ठाऊक नाही, आणि इथे ती कोणाची वाटही पाहत बसलेली नाही.

ग्रहणाचा तुम्ही जो उपयोग केला आहे त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. शेवटच्या लढाईत चंद्राला अचानक ग्रहण लागते आणि शर्वरी चकित होते. जिचे जगणे चंद्रावर अवलंबून आहे ती स्त्री ग्रहणाने चकित होणार नाही. प्राचीन ग्रीसमधल्या थेसली प्रांतातल्या स्त्रिया मंत्राने चंद्र खाली ओढतात अशी समजूत होती, इ. स. पू. ४२३ मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या एका सुखात्मिकेतला कर्जबाजारी म्हातारा तर अशी चेटकीण विकत घेऊन चंद्र लपवून ठेवण्याचा बेत करतो, कारण चंद्र उगवला नाही तर महिना बदलणार नाही आणि महिना बदलला नाही तर व्याज द्यावे लागणार नाही. आणि याच थेसलीतल्या अग्लाओनीके नावाच्या स्त्रीविषयी प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे की तिला चंद्रग्रहण केव्हा लागते याचे ज्ञान होते आणि त्याच्या बळावर, चंद्र आपणच खाली ओढतो आहोत, असा इतर स्त्रियांचा समज तिने करून दिला. जादू आणि ज्ञान यांच्या सीमेवर उभी असलेली ही स्त्री तुमच्या शर्वरीची पूर्वज शोभेल.

म्हणून ग्रहण शेवटी न ठेवता आरंभी आणा. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागते, मात्र चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने ते प्रत्येक पौर्णिमेला लागत नाही. आणि खग्रास अवस्था फार तर पावणेदोन तासांच्या आसपास टिकते. त्या वेळी पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला प्रकाश चंद्रावर पडतो, म्हणून तो काळा न होता तांबूस दिसतो. वर्षातल्या सर्वांत प्रखर रात्री शर्वरी तास-दीड तास निष्प्रभ होणार आहे, हे तिला आधीपासून माहीत होते आणि तिने ते कोणालाही, अगदी बहिणीलाही, सांगितले नाही. नेमक्या त्याच वेळात बहिणीला पळवून नेले जाते. आता तिच्याजवळ सामर्थ्य आहे आणि अपराधाची बोचही आहे. ती न बोलण्याचे कारण भीती होती, अभिमान होता की सवय होती, हे तुम्हीच ठरवा, पण ठरवा अवश्य, कारण तिचा स्वभाव तिथेच कळणार आहे.

चंद्र आणि समर्थ स्त्री यांची जोडी ही अलीकडची आवड आहे असे कोणी म्हणाले तर मानू नका. ज्या लेखकांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत त्यांत सर्वांत प्राचीन समजली जाणारी एन्हेदुआना ही प्राचीन मेसोपोटेमियातल्या ऊर नगरातल्या नन्ना या चंद्रदेवाची महापुजारीण होती. ती अक्कडच्या सार्गोन राजाची मुलगी. तिचा काळ इ. स. पू. २३०० च्या सुमाराचा. तिचे नाव आणि प्रतिमा कोरलेली दगडी चकती १९२७ मध्ये ऊरच्या उत्खननात सापडली. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इनान्ना देवीच्या स्तोत्रात ती सांगते, की एका बंडखोराने मला माझ्या पदावरून हाकलले आणि ज्या चंद्रदेवाची मी सेवा केली त्याने माझ्या बाजूने शब्दही उच्चारला नाही. आणि मग ती इनान्नेकडे वळते. ती रचना तिने स्वतः केली की नंतर कोणी तिच्या नावावर केली याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, परंतु तुमच्या कामाची गोष्ट त्या प्रसंगात आहे: चंद्र गप्प बसल्यानंतर ती पुजारीण काय करते.

आपल्याकडच्या कथेत चंद्र पुरुष आहे आणि दक्षाच्या सत्तावीस मुली त्याच्या बायका. त्याचे मन एकट्या रोहिणीत रमले, बाकीच्या सव्वीस जणींनी वडिलांकडे गाऱ्हाणे नेले, दक्षाने क्षयाचा शाप दिला, आणि पुढे त्या शापाला उतारा मिळाल्यामुळे चंद्र झिजतो आणि पुन्हा भरतो. ही कथा चंद्राच्या किंवा दक्षाच्या बाजूने अनेकदा सांगितली गेली आहे. पण चंद्राच्या कलांना कारण ठरले ते त्या सव्वीस जणींचे एकत्र जाऊन बोलणे, आणि त्यांच्यात आधी काय बोलणे झाले असेल, कोण कचरली असेल, रोहिणीला त्यांनी बोलावले असेल का, हे अद्याप लिहायला मोकळे आहे. तुमच्या पुढच्या लघुकादंबरीसाठी हा विषय सुचवून ठेवतो.

मासिक पाळीच्या प्रश्नावर माझे मत सावध आहे. ही कल्पना निषिद्ध मुळीच नाही, आणि चंद्राचा महिना व पाळीचे चक्र यांच्या लांबीतले साम्य अनेक संस्कृतींच्या नजरेत भरलेले आहे, जरी त्या दोहोंत कार्यकारण संबंध असल्याचे ठामपणे सिद्ध झालेले नाही. पण हा नियम केलात तर त्याचे परिणाम शेवटपर्यंत निभवावे लागतील. पाळी थांबलेल्या स्त्रीची जादू संपते का? जिला पाळी कधी आलीच नाही तिचे काय? गर्भारपणात नऊ महिने जादू नाही, हे त्या समाजाने कसे सोसले असेल, की कोणी त्याचा शस्त्रासारखा उपयोग केला असेल? हे प्रश्न तुम्हाला लिहावेसे वाटत असतील तर अवश्य जोडा, कारण मग तुमच्या कथेतली म्हातारी आत्या, जी आता केवळ गोधडी शिवताना दिसते, तीच सर्वांत महत्त्वाचे पात्र होईल. मात्र केवळ स्त्रीपण अधोरेखित व्हावे म्हणून जोडणार असाल तर राहू द्या. शर्वरीचे स्त्रीपण तिच्या आईच्या, बहिणीच्या आणि आत्याच्या नात्यांतून पुरेसे दिसते.

तीन भागांचा मोह टाळा. ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठीच्या पुरस्कारांच्या नियमांत लघुकादंबरी म्हणजे साडेसतरा हजारांपासून चाळीस हजार शब्दांपर्यंतची कथा. ही मोजणी इंग्रजी शब्दांची असली तरी प्रकृती तीच. या प्रकारात एक माणूस, एक पेच आणि एक उलटापालट मावते, आणि तुमच्याजवळ नेमके तेवढेच आहे. ग्रहणाच्या पौर्णिमेपासून अमावास्येनंतरच्या पहिल्या कोरीपर्यंत सारी कथा साधारण सोळा-सतरा रात्रींत बसते. राजघराण्याचा इतिहास, सरदाराचे बालपण आणि दुर्गाच्या बांधकामाची हकीकत काढून टाकलीत तर वीस हजार शब्द सहज कमी होतील, आणि त्यातले काही गेल्याचे कोणाला जाणवणारही नाही. पहिल्या तीन पानांतले शर्वरीचे रूपवर्णनही काढा. ती धाडसी आहे हे तुम्ही सांगण्यापूर्वी आम्हाला दिसू द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. जिच्यासाठी ही सारी धडपड चालली आहे त्या धाकट्या बहिणीला तुम्ही पाठवलेल्या चार प्रकरणांत एकही वाक्य बोलायला मिळालेले नाही. तिला एकदा पळवले जाते आणि एकदा सोडवले जाते. भरतीचा हिशोब आईने एकाच मुलीला शिकवला असेल असे मला वाटत नाही. कैदेच्या खिडकीतून तिलाही पाणी दिसत असणार. तीही पेरे मोजत असणार. अमावास्येच्या पहाटे शर्वरी त्या वाटेच्या टोकाला पोहोचते तेव्हा बहीण कोठडीत निजलेली असण्यापेक्षा ती आधीच दाराशी येऊन उभी असणे, आणि ग्रहणाची गोष्ट लपवल्याबद्दल तिने तिथेच, पाणी चढत असताना, जाब विचारणे मला अधिक खरे वाटते. पुनर्लेखनाची सुरुवात याच प्रसंगापासून करा, आणि त्यात पहिले वाक्य बहिणीला द्या.